सृष्टिनिरीक्षणाच्या छंदाची जन्मकथा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह, गाद्या आणि त्यांचे वारस उभे राहतात. फार तर एखादा दुष्काळ किंवा एखादी सामाजिक चळवळ. परंतु कामाचे तास संपल्यावर माणसे काय करीत होती, सुट्टीच्या दिवशी कोठे जात होती, घराच्या ओसरीवर बसून कशाकडे पाहत होती, यालाही इतिहास असतो. तो लिहायचा राहून जातो, कारण त्याची कागदपत्रे दप्तरात सापडत नाहीत. आज आम्ही अशाच एका लहानशा छंदाचा इतिहास सांगणार आहोत. भिंतीवरची पाल, खिडकीच्या चौकटीतली कुंभारीण, लिंबाच्या झाडावरची अळी, गावाबाहेरच्या तळ्यावरची बदके, यांच्याकडे केवळ आनंदासाठी पाहत बसणे हा तो छंद. आपल्या भागात तो केव्हा रुजला, कोणी रुजविला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहण्यासारखे आहे.

प्राण्यांपासून करमणूक करून घेणे ही गोष्ट नवी नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात राजाच्या ‘विनोदां’चे प्रकरण आहे. कोंबड्यांच्या झुंजी, लाव्यांच्या झुंजी, एडक्यांच्या आणि रेड्यांच्या टकरी, कबुतरे, शिकारी कुत्री, ससाणे, गळाने मासे धरणे, मृगया, हे सारे त्यात आहे, आणि जनावरांच्या जातींची व सवयींची बारीक माहितीही आहे. पण हा विनोद राजाचा होता आणि बहुतेक वेळा त्याचा शेवट रक्तात होत असे. पुढे पेशवाईत पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. तेथे वाघ, गेंडा असे प्राणी ठेवीत. सवाई माधवरावांना जनावरांचा मोठा नाद. त्यांनी काळविटे माणसाळवून झोपाळ्यावर उभी राहण्यास शिकविली होती, असे इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने लिहून ठेवले आहे. गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार मॅलेटसाठी चित्रे काढीत असे. १७९० साली त्याने काढलेले गेंड्याचे चित्र आजही उपलब्ध आहे. कातडीची प्रत्येक घडी समोर बसून निरखल्याशिवाय तसे चित्र निघत नाही. आमच्या मते या भागातील सृष्टिनिरीक्षकांच्या यादीत या गंगारामाचे नाव बरेच वर असले पाहिजे. पण तो तांबट, त्याचे चरित्र कोण लिहिणार!

मग सामान्य माणसाने काही पाहिलेच नाही काय? पाहिले, आणि फार चांगले पाहिले. आमच्या वेदान्तात आणि संतवाङ्मयात भृंगकीटन्याय प्रसिद्ध आहे. भृंगी, म्हणजे आपली कुंभारीण माशी, एक अळी धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते, वर सारखी गुणगुणते आणि काही दिवसांनी त्या घरट्यातून अळीच्या जागी भृंगीच बाहेर पडते. ध्यास घेतला की जीव ध्येयरूप होतो, याला हा दृष्टान्त. आता यातील निरीक्षणाचा भाग तपासून पाहा. माशी अळी आणते, हे खरे. ती अळीला डंख करते, हे खरे. घरट्याचे तोंड चिखलाने लिंपते, हेही खरे. शेवटी बाहेर माशी पडते, हे तर कोणीही पाहावे. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी दिवसेंदिवस ओसरीवर बसून ही गोष्ट पाहिली असली पाहिजे. राहिले एवढेच, की ते मातीचे घरटे मध्येच फोडून आत काय चालले आहे हे कोणी पाहिले नाही. फोडले असते तर दिसले असते की माशीने आत आपले अंडे घातले आहे, डंखाने अळी मेलेली नसून लुळी पडली आहे आणि अंड्यातून निघालेले माशीचे पोर त्या ताज्या शिध्यावर वाढते आहे. घर फोडण्याचे आपल्या मनाला बरे वाटले नसेल, किंवा दृष्टान्त इतका सुंदर साधला होता की पुढे पाहण्याची गरजच कोणाला वाटली नसेल. फ्रान्समध्ये झाँ आंरी फाब्र या गरीब शाळामास्तराने एकोणिसाव्या शतकात गांधीलमाश्यांची घरटी उघडून हा प्रकार बारकाईने पाहिला आणि १८७९ पासून १९०७ पर्यंत दहा खंडांत कीटकांच्या कथा लिहिल्या. त्यालाही प्रयोगशाळा नव्हती. घराभोवतीचे खडकाळ माळरान, एवढीच त्याची दौलत.

आता मुंबईकडे येऊ. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्यूझियममध्ये, म्हणजे आज ज्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात तेथे, आठ गृहस्थ जमले. प्राणिसृष्टीविषयी आपण जे पाहतो ते एकमेकांना सांगावे, मिळालेले नमुने दाखवावे, एवढ्याच हेतूने त्यांनी एक मंडळ काढले. हीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तो काळ मंडळ्यांचा आणि सभांचाच होता. पुण्याची वसंत व्याख्यानमाला त्यापूर्वी आठ वर्षे, १८७५ साली, सुरू झालेली होती. या आठांत सहा युरोपियन आणि दोन आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकी एक, व्याकरणकार दादोबांचे धाकटे बंधू. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे आणि औषधींचे जाणकार. रखमाबाईंच्या गाजलेल्या खटल्यामुळे त्यांचे नाव अनेकांनी ऐकलेले असेल. रखमाबाई त्यांची सावत्र कन्या. सखाराम अर्जुन १८८५ साली वारले. म्हणजे ज्या संस्थेचा पाया त्यांनी घातला तिचे पहिले नियतकालिक १८८६ च्या जानेवारीत निघाले ते त्यांनी पाहिले नाही. संस्थेच्या आरंभीच्या इतिहासात एतद्देशीयांची नावे फार विरळ दिसतात. या दोघांच्या मागोमाग आमची आणखी पाच-पन्नास शिकलेली माणसे का गेली नाहीत, हा प्रश्न आम्हांला नेहमी टोचतो. त्यांना राजकारण होते, समाजसुधारणा होती, पोटापाण्याचे उद्योग होते. हे उत्तर खरे आहे, पण पुरते समाधान करीत नाही.

पहिली बिऱ्हाडजागा संस्थेला मिळाली ती हर्बर्ट फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या कचेरीत. १८८४ च्या जानेवारीपासून फोर्ब्स स्ट्रीटवरची त्याची खोली सभासदांच्या ताब्यात गेली, आणि पुढे बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटला हलले. दारूच्या पिंपांशेजारी सापांच्या बाटल्या, पक्ष्यांची कातडी, फुलपाखरांच्या पेट्या अशी ती मिश्र दुकानदारी होती. याच फिप्सनची पत्नी म्हणजे कामा हॉस्पिटलच्या पहिल्या प्रमुख डॉ. एडिथ पीची, रखमाबाईंना विलायतेत वैद्यक शिकण्यास ज्यांनी हात दिला त्यांत त्या होत्या. जग लहान असते, आणि त्या वेळची मुंबई तर फारच लहान होती. १८९४ साली कारवारहून तीन महिन्यांचे एक गरुड-धनेशाचे पिल्लू या कचेरीत भेट आले. त्याचे नाव विल्यम ठेवले. पुढची सव्वीस वर्षे हा पक्षी फिप्सनच्या कचेरीत मिलार्डच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात राहिला. एकदा त्याने पेटती सिगार गिळली आणि त्याला काही झाले नाही. १९२० साली मात्र तारेचा तुकडा गिळल्याने तो मेला. संस्थेच्या बोधचिन्हावर तोच आहे आणि संस्थेच्या वास्तूलाही धनेशाचेच नाव आहे.

परंतु या छंदाचा खरा प्रवर्तक आमच्या दृष्टीने त्या आठांतलाच एक, एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. हा इंग्रज नव्हे, स्कॉच मिशनऱ्याचा मुलगा. आणि जन्म कोठे, तर साताऱ्याला, १८५१ साली. वडिलांनी घरीच शिकविले, मुंबई विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या, डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकविले आणि १८७६ साली कस्टम व मीठ खात्यात शिरला. मीठ खात्यातील नोकरी म्हणजे आगरे, खाड्या, नाकी आणि कंटाळा. खाराघोडा, उरण, गोव्याची हद्द, कारवार, रत्नागिरी असा तो फिरत राहिला. कच्छच्या रणाच्या काठचे खाराघोडा हे तर उजाड गाव. ना झाड ना झुडूप. ज्याला तेथे करमले त्याला कोठेही करमेल. एटकिनला करमले, कारण त्याने आपल्या बंगल्यातल्या रहिवाशांची शिरगणती चालविली होती.

ते दिवस अफगाण युद्धाचे. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत रोज येत. एटकिनने थट्टेने आपल्या पुस्तकाचे नावच ठेवले ‘माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या’. हे पुस्तक १८८३ साली, म्हणजे संस्थेच्याच जन्मवर्षी, निघाले. त्यातल्या टोळ्या म्हणजे उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे, गांधीलमाश्या, कोळी, बेडूक, वाळवी. एकेकीला स्वतंत्र प्रकरण. यापूर्वी हिंदुस्थानच्या प्राण्यांवर इंग्रजांनी लिहिलेली पुस्तके दोन तऱ्हांची असत, एक शिकाऱ्यांची आणि दुसरी पंडितांची. पहिल्यात वाघाची लांबी इंचांत, दुसऱ्यात दातांची संख्या. घरातल्या पालीला दोन्हींत स्थान नव्हते. एटकिनने तिला खुर्ची दिली. दिव्याभोवती जमणाऱ्या किड्यांवर टपलेली पाल, आंघोळीच्या खोलीतला बेडूक, खिडकीत चिखल आणून बांधकाम करणारी माशी, हे सगळे रोज पाहत असूनही आपण पाहिलेले नव्हते, असे त्याचा वाचक पुस्तक मिटताना म्हणतो. ही गोष्ट करण्याला बंदूक नको, घोडा नको, रजा नको, पैसा तर नकोच. एटकिनने छंद स्वस्त केला, हे त्याचे ऐतिहासिक कार्य.

त्याच्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८८९ साली त्याने ‘बंगल्याच्या मागे’ या अर्थाच्या नावाचे दुसरे पुस्तक लिहिले. त्यात बंगल्यातल्या नोकरांची वर्णने आहेत. बटलर, घोडेवाला, माळी, धोबी, आया. लेखणी तीच, विनोद तोच. पण पालीविषयी लिहिताना त्या विनोदात जी बरोबरीची भावना होती ती येथे ओसरलेली आहे. सातारला जन्मलेल्या, मराठी बोलणाऱ्या या माणसाला मागच्या दारची माणसे जीवजंतूंप्रमाणे निरीक्षणाचा विषय वाटली. साहेब लोकांच्या त्या पिढीचा हा दोष होता म्हणून तो आम्ही माफ करीत नाही, आणि त्यापायी पालीचे प्रकरण टाकूनही देत नाही.

कारवारला एटकिनला दोन भिडू मिळाले. एक जिल्ह्याचा कलेक्टर डेव्हिडसन, दुसरा जंगलखात्यातला बेल. या तिघांनी एक अनोखा खेळ मांडला. फुलपाखरू जाळ्यात धरून टाचणीला लावणे हा तेव्हाचा सर्रास प्रकार. त्यांनी त्याच्या उलट टोकापासून आरंभ केला. झाडांवरून अंडी आणि अळ्या गोळा करावयाच्या, घरी डब्यांत ठेवावयाच्या, जी अळी जे पान खाते तेच पान रोज ताजे आणून द्यावयाचे, तिने कात किती वेळा टाकली, कोश केव्हा केला, कोशातून काय निघाले, हे टिपून ठेवावयाचे. कोणाच्या बंगल्यात कलेक्टरीचे कागद, कोणाकडे जंगलाचे नकाशे, कोणाकडे मिठाचे हिशेब, आणि त्यांच्या शेजारी अळ्यांचे डबे! १८९६-९७ साली संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा ‘उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरे’ हा दीर्घ लेख आला. कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर वाढते, याची आपल्या पश्चिम किनाऱ्याची पहिली भरभक्कम माहिती ती. बेलसाहेब तर निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिले आणि तेथेच १९४८ पर्यंत जगले. अळ्यांच्या ओढीने देश न सोडलेला हा एक साहेब.

हा खेळ आजही कोणालाही खेळता येतो, म्हणून थोडे विषयांतर करून तो सांगतो. अंगणात किंवा गॅलरीतल्या कुंडीत लिंबाचे अथवा कढीलिंबाचे झाड असले की पुरे. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळापांढरा ठिपका दिसतो. ती अळी आहे. पक्ष्यांनी विष्ठा समजून तिला सोडून द्यावे, यासाठी ते सोंग. चार वेळा कात टाकली की सोंग बदलते आणि ती पानासारखी हिरवीगार होते. आता तिला काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून एक दुभंगलेले लालसर शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुंग्यांनी व लहानसहान शत्रूंनी दूर राहावे, यासाठी ही तिची तोफ. अशी अळी पानासकट काचेच्या बरणीत घालावी, तोंडाला पातळ फडके बांधावे, पान रोज बदलावे आणि एक काडी तिरपी उभी करून ठेवावी. त्या काडीला कमरेभोवती धाग्याचा वेढा घेऊन ती कोश करील. आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळच्या वेळी, कोश उलतो. ओले, चुरगळलेले पंख वाळून ताठ होईपर्यंत तासभर लागतो. तो तास घरातल्या मुलांना शाळेला उशीर झाला तरी दाखवावा, असे आमचे मत आहे. कधीकधी फुलपाखराऐवजी बारीकशी गांधीलमाशी निघते. मग मुले रडतात. परंतु भृंगकीटन्यायाचा उलगडा त्यांना तेव्हाच होतो.

कारवारला हे चालले असतानाच मुंबईवर संकट येत होते. १८९६ च्या सप्टेंबरात तेथे प्लेग उघड झाला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू प्लेग पसरविते असे दाखविले. एटकिनच्या पुस्तकाला अजून पंधरा-सोळा वर्षेही झाली नव्हती, तोच त्यातल्या पहिल्या दोन-तीन टोळ्या थट्टेचा विषय राहिल्या नाहीत. उंदीर म्हणजे मृत्यूचा निरोप्या, डास म्हणजे ताप. घरातल्या जीवांकडे पाहण्याची नजरच बदलली आणि ती बदलणे रास्त होते. तथापि कोणता डास आणि कोणता नव्हे, हे सांगायला पुन्हा छंदिष्टांचीच गरज लागली. एटकिनला हिवतापाच्या तपासात सरकारने कामाला लावले. डासांच्या एका जातीला त्याचे नावही मिळाले, अॅनॉफेलीस एटकिनी. ज्याने डासावर विनोदी प्रकरण लिहिले त्याचे नाव अखेर डासालाच चिकटले. सर्व डास हिवताप देत नाहीत आणि सर्व उंदीर घरात येत नाहीत, हा विवेक मात्र लोकांत पसरला नाही. पुढे डीडीटीचे युग आले. १९५३ साली देशभर हिवतापनियंत्रणाची मोहीम निघाली, भिंती फवारल्या गेल्या, लाखो माणसे वाचली, आणि भिंतीवरचे बाकीचे रहिवासीही त्याच फवाऱ्याखाली आले. माणसे वाचली याचे मोल मोठे आहे. पण घरातला प्रत्येक किडा शत्रूच, ही शिकवण त्या फवाऱ्याबरोबर घराघरांत गेली ती अजून निघालेली नाही.

घराची कथा झाली, आता सहलीची. १८५३ साली रेल्वे आली आणि शहरातल्या माणसाला सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याची सोय झाली. विहार तलाव, कान्हेरीची लेणी, खंडाळ्याचा घाट ही रविवारची ठिकाणे झाली. १९०७ साली माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. या सहलींत आरंभी खांद्यावर बंदूक असेच. पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो पाडावयाचा, कातडे काढावयाचे आणि पेटीतल्या कातड्यांशी ताडून पाहावयाचे, ही रीत. आजच्या वाचकाला ती निर्दय वाटेल, परंतु तेव्हा चांगल्या दुर्बिणी दुर्मीळ होत्या आणि खिशात मावणारे चित्रांचे पुस्तक तर नव्हतेच.

बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंतचा हा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात पाहावयाचा असेल तर तो सलीम अली यांच्या. जन्म १८९६. आईबाप लहानपणीच गेले. मुंबईत खेतवाडीला मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. १९०८ च्या सुमारास, बारा वर्षांच्या आतबाहेर असताना, मामांनी दिलेल्या हवेच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी हे घरात कोणाला सांगता येईना, म्हणून मामांनी संस्थेत पाठविले. तेथे फिप्सनचा भागीदार आणि संस्थेचा चिटणीस मिलार्ड याने मुलाला आत घेतले, पक्षी ओळखून दिला आणि कपाटे उघडून शेकडो कातडी दाखविली. एखाद्या कारकुनाने त्या दिवशी त्या मुलाला दारावरूनच परत लावले असते तर काय झाले असते, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुढची गोष्ट १९३० ची. सलीम अली जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून आले तो त्यांची संग्रहालयातली जागाच राहिलेली नव्हती. नोकरी नाही, म्हणून अलिबागजवळ किहीमला पत्नीच्या माहेरच्या लहानशा घरात ते जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. कामधंदा नसलेला माणूस पावसाळाभर तिच्याकडे पाहत बसला, आणि त्यातून जे निघाले ते पक्षिशास्त्रात गाजले. घरटे विणतो तो नर. तो अर्ध्यापर्यंत, टोपाच्या आकाराचे, घरटे विणून थांबतो. मग माद्या येतात, घरटी आतबाहेरून तपासतात. एखादीला पसंत पडले तर ती त्यात ठाण मांडते आणि मग नर बोगद्यासारखी वाट विणून ते पुरे करतो. ती अंड्यावर बसली की स्वारी शेजारी दुसरे घरटे विणू लागते, दुसऱ्या मादीसाठी! नापसंत घरटी तशीच लटकत राहतात. १९३१ साली हे निरीक्षण संस्थेच्या नियतकालिकात छापून आले.

आता गंमत पाहा. मराठीत या पक्ष्याला म्हणतात सुगरण. भाषेनेच ठरवून टाकले की एवढे सुबक घर बांधणारी ती बाईच असणार. बहिणाबाई चौधरींच्या खोप्यावरील कवितेतही घर विणणारी आहे ती पक्षिणी. शास्त्र म्हणते, विणणारा तो बाप्या. म्हणून बहिणाबाई चुकल्या असे आम्ही म्हणणार नाही. शेतावर काम करता करता त्यांनी चोचीचे काम जितके बारकाईने पाहिले तितके पाहणारे पदवीधर थोडे. फक्त नर आणि मादी यांतला फरक विणीच्या दिवसांत नराच्या पिवळ्या टोपीवरून ओळखावा लागतो, आणि तो महिनाभर रोज तेथे बसणाऱ्यालाच उमगतो. आमच्या बायकांना एवढी उसंत होती कोठे?

१९४१ साली सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक निघाले, आणि बंदुकीशिवाय पक्षी ओळखण्याची सोय झाली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, संस्थेने सरकारच्या साह्याने शाळांतल्या मुलांसाठी निसर्गशिक्षणाची योजना काढली. १९७२ साली वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीचा हक्काचा काळ संपला.

रिकामटेकड्यांच्या या छंदाचा उपयोग काय, असे विचारणारे नेहमीच भेटतात. त्यांच्यासाठी एटकिनचेच एक पुस्तक पुरे आहे. १९०० साली त्याने मुंबईतल्या नेहमीच्या पक्ष्यांवर एक लहान पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात गिधाडांपासून आहे. मुंबईचे नेहमीचे पक्षी सांगताना गिधाडापासून आरंभ करावा, इतके ते सामान्य होते. मलबार टेकडीवरच्या पारशांच्या दोखम्यांवर ती बसलेली कोणालाही दिसत. १९९० नंतरच्या काही वर्षांत ती देशभरातून नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर १०० पैकी ९९ हून अधिक गेली. कारण बरीच वर्षे कळेना. २००४ साली कळले. गुरांना दुखण्यावर देण्याचे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली हे औषध जनावरांसाठी वापरण्यास भारतात बंदी झाली. गिधाडे अजून परतलेली नाहीत. शहरातून काय गेले हे समजण्यासाठी पूर्वी काय होते हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते, आणि सामान्य पक्ष्यांविषयी लिहून ठेवण्याचे पंडितांना सुचत नाही. ते मीठ खात्यातल्या हौशी माणसाला सुचले. आज कावळा, चिमणी, साळुंकी, पोपट यांच्याविषयी आपण कोणी लिहून ठेवीत आहोत काय?

मराठीत हे लिखाण उशिरा आले. १९२८ पासून पुण्याहून ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघू लागले आणि शास्त्रीय विषय साध्या मराठीत मांडण्याची पायवाट पडली. जंगलात आयुष्य घालवून मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकाला रानाची भाषा दिली. ते २०२५ साली निवर्तले. तरीही एक उणीव राहतेच, ती नावांची. पक्ष्यांची नावे आमच्याकडे आहेत आणि ती काय सुरेख आहेत! खंड्या, नाचण, कोतवाल, हळद्या, तांबट, टिटवी, भारद्वाज. खेड्यातल्या गुराख्यालाही ती ठाऊक असतात. फुलपाखरांना मात्र आम्ही सरसकट फुलपाखरूच म्हणत आलो. नाव नसलेली वस्तू डोळ्यांना नीट दिसत नाही, हा आमचा अनुभव आहे. इंग्रजांनी त्यांना आपल्या फौजेतल्या हुद्द्यांची नि आपल्या सरदारांची नावे दिली आणि आमचे विद्यार्थी तीच घोकीत आले. अलीकडे मराठी नावे पाडण्याचे काम सुरू झाले आहे. २०१५ साली महाराष्ट्राने आपले राज्य-फुलपाखरू ठरविले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. काळ्या मखमली पंखांवर निळ्या पट्ट्याचे हे मोठे फुलपाखरू. त्याला नाव मिळाले नीलवंत. सह्याद्रीच्या आणि कोकणच्या बागांत ते दिसते, आणि त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. ज्यांच्या परसात पपनस असेल त्यांनी पावसाळ्यात त्याची पाने एकदा नीट पाहावीत.